सुई ओवता येते तोवर

ताईचे डोळे चाललेत हे मला पहिल्यांदा कळलं ते एका स्टुलावरून.

आम्ही दोघी बहिणी रफूचं दुकान चालवतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. सिगारेटनं जळलेला कोट आणा, कसर लागलेली शाल आणा, खिळ्यात अडकून फाटलेली पँट आणा. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचं, इतकं की भोक कुठे होतं ते मालकालाही सांगता येऊ नये. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, हे काम शिकवलं. माझे मिस्टर गेले, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहिली, ताईनं लग्न केलंच नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. ताई म्हणजे गरीब गाय आणि मी ही अशी. अप्पा मला ठिणगी म्हणायचे, ताई अजून म्हणते.

तर गिऱ्हाइकाला बसायचं स्टूल माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, दाराजवळ, अप्पांच्या वेळेपासून. एके सकाळी ताईनं ते उचलून पार समोरच्या भिंतीला नेऊन ठेवलं. का, तर म्हणे पायात येतं. आता आदल्याच आठवड्यात माझीही नडगी त्यावर सडकून आपटली होती, पण ते कुठल्या तरी बाईनं वाटेत सरकवून ठेवलं असणार म्हणून. जागच्या जागी असलेलं स्टूल कुणाच्या पायात येतं? ज्याला दिसत नाही त्याच्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण अप्पांचं असंच सुरू झालं होतं. आधी दाराच्या चौकटी लागायला लागल्या. मग पेले सांडायला लागले. मग रस्त्यात ओळखीच्या माणसाच्या अंगावर जाऊन आदळायचे आणि वर त्यालाच झापायचे. आईनं डोळ्यांचं नाव काढलं की अप्पा डबीतली सगळ्यात बारीक सुई घ्यायचे, खिडकीकडे धरायचे आणि एका फटक्यात दोरा ओवून तिच्यासमोर नाचवायचे. सुई ओवता येते तोवर डोळ्यांना काय धाड भरलीय, म्हणायचे. आणि खरंच, ओवता यायची. रफूही शेवटपर्यंत चोख. मग एका भर दुपारी त्यांनी विचारलं, दिवा कुणी घालवला? दिवा कुणीच घालवला नव्हता. त्यानंतर जितकी वर्षं जगले तितकी खिडकीत बसून बोटांनी कापड चाचपत राहिले. सगळे म्हणाले, बारीक कामानं डोळे खाल्ले. आम्हीही तेच धरून चाललो.

म्हणून स्टूल हललं त्या दिवसापासून मी ताईवर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला.

आधी चहाचा कप. जन्मभर ती माझा कप माझ्या डाव्या हाताशी टेबलावर ठेवायची. आता ती तो हातात द्यायला लागली आणि माझी बोटं कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडेना. मला वाटलं, टेबलाची कड तिला कळत नसणार. त्याआधी दोनदा माझ्या कोपरानं कप उडाला होता, एकदा तर एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर. तेव्हा मी ताईला चारचौघांत नाही नाही ते बोलले होते, वस्तू कुठे ठेवावी एवढंही तुला समजत नाही का म्हणून. ती निमूटपणे फरशी पुसत होती. वकील आपला शर्ट धरून उभा.

मग रस्त्यात माझा हात धरायला लागली. आम्ही लहानपणीही हातात हात घालून फिरणाऱ्यातल्या बहिणी नव्हतो. आता दुकानाबाहेर पाऊल टाकलं की ही येऊन डाव्या बाजूला चिकटणार, दंडाला धरणार. मी उजवीकडे सरकले तर वळसा घालून परत डावीकडे. एकदा वैतागून विचारलं, मी काय तुझी काठी आहे का? हसली नुसती. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

त्यात गिऱ्हाइकंही हल्ली अशी की मांजराच्या पावलांनी येऊन उभी राहतात. टाका घालून मान वर करावी, जरा वळावं, तर काउंटरच्या डाव्या टोकाला कुणीतरी उगवलेलं. काळजात धस्स व्हायचं. एक मास्तरीणबाई तर फणकारून म्हणाल्या की केव्हाची उभी आहे, हसले तरी ओळख दाखवत नाही तुम्ही, एवढा कसला तोरा. मी म्हटलं, बाई, देवानं घसा दिलाय, खाकरावं माणसानं. त्यानंतर ताईनं नवीनच सुरू केलं. कुणी दारात आलं की मोठ्यांदा नाव घेऊन स्वागत. या मास्तरीणबाई. या वकीलसाहेब. मी मनात म्हटलं, दिसत नाही ना, आता आवाजावर माणसं ओळखायचा सराव करतेय बिचारी. मला भरून आलं आणि त्याचा रागही आला, म्हणून दिवसभर तिच्याशी तुसडेपणानं वागले.

इस्त्रीचं झालं तेव्हा मात्र मी घाबरले. रफू पूर्ण झालं की वर ओलं फडकं टाकून इस्त्री दाबावी लागते, तेव्हा धागे एकमेकांत बसतात. आमची इस्त्री डावीकडच्या लाकडी फळीवर तापत असते. मी फडक्यासाठी हात लांब केला आणि पंजाची कड सरळ इस्त्रीच्या अंगावर. अशी किंचाळले की समोरचा सायकलदुरुस्तीवाला पाना हातात घेऊन धावत आला. मी ताईवर तोंड सोडलं. इस्त्री जागेवर ठेवायला काय होतं गं तुला, मारतेस का मला? ताई माझा हात थंड पाण्याखाली धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भाजलं मला आणि रडतेय ही. नंतर पाहिलं तर इस्त्री आपल्या जागेवरच होती. मला वाटलं, हिनंच गडबडीत परत सरकवली असणार. त्या दिवसापासून तिनं मला इस्त्रीला हात लावू दिला नाही. सगळं दाबायचं काम स्वतःकडे घेतलं.

आणि मग चौक.

एक कोट पोचवायला आम्ही निघालो होतो. ताई नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या दंडाला लटकलेली. चौकात थांबलो, मी स्वतः दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. ताई पिशवी सावरायला जरा मागे राहिली आणि मी पाऊल टाकलं. दुसऱ्या क्षणी तिनं मला मागून असं ओढलं की दोघीही फुटपाथवर बदकन बसलो. मालाची एक मोठी गाडी अगदी नाकासमोरून गेली. तिचा वारा तोंडाला लागला. ड्रायव्हरच्या शिव्या पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत होत्या. ताई माझा दंड काही केल्या सोडत नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ही गाडी कुठून आली ते मला समजत नव्हतं. भरधाव येऊन वळली असेल. पण ताईचं मला पुरतं समजलं. हिला गाडी दिसली नाही, आवाजानं गांगरली आणि मला घेऊन पडली. आज मी बरोबर होते. उद्या एकटी असली म्हणजे?

घरी आल्यावर मी अप्पांचीच परीक्षा घ्यायची ठरवली. बारीक सुई आणि काळा दोरा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ओव. ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, चष्मा पुसला, सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. तिनं टोक ओलं केलं, पिळलं, परत धरलं, परत बाजूनं. मग सुई माझ्याकडे दिली. मी माझा चष्मा चढवला. फुटपाथवरच्या टपरीवरून घेतलेला तयार चष्मा, डॉक्टरबिक्टरची कधी गरजच पडली नव्हती. एका फटक्यात ओवली. ताई त्या सुईकडे बघतच राहिली. मला वाटलं, स्वतःचं भविष्य बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनंच विषय काढला, की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, नाही म्हणायचं नाही. ताई लगेच हो म्हणाली. मी उगाच कंबर कसली होती. फक्त म्हणाली, तूही दाखवायचेस. माझ्या डोळ्यांना काय झालंय, मी विचारलं. काही झालं नसेल तर चांगलंच की, ती म्हणाली. मला वाटलं, एकटीला भीती वाटत असेल. म्हटलं, चल, दाखवते, तुझ्यासाठी.

दवाखान्यात आधी तो अक्षरांचा तक्ता. ताई खालच्या ओळींपाशी अडखळली. मी थेट तळाच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून काढलं आणि तिथल्या मदतनीस मुलीला वर विचारलं, आणखी बारीक आहे का काही? तीही हसली. मग डोळ्यांतला दाब मोजला. मग एका अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं, पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकून, नजर मधल्या ठिपक्यावर. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आधी ताई गेली. मी पडद्याबाहेर बसून ऐकत होते. टिक, टिक, टिक, जरा थांबून टिक. मी मनात म्हणत होते, दाब ताई, दाब, आणखी दाब.

मग माझी पाळी. उजव्या डोळ्याला बरेच दिवे दिसले. डाव्याला मात्र यंत्रच मंद झालं. मधोमध एखादा दिवा चमकायचा, मी दाबायची, आणि मग नुसतं पांढरं. मी वाट बघत बसले. खोलीत पंख्याचा आवाज, यंत्राची घरघर, आणि माझा अंगठा बटणावर नुसता टेकलेला. शेवटी मी म्हटलं, बाळ, तुझं यंत्र अडकलंय बघ. ती मुलगी मघाशी हसली होती, आता हसली नाही. मावशी, नजर मध्येच ठेवा, एवढंच म्हणाली. परत पांढरं. मी मान न हलवता तशीच बसून राहिले आणि का कोण जाणे, मला अप्पांनी विचारलेला तो दिवा आठवला.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. टेबलावर त्यांनी दोघींचे कागद मांडले. आमच्या दृष्टीची चित्रंच होती ती. एकीची जवळजवळ स्वच्छ. दुसरीच्या एका डोळ्यात काळं, मधे एवढंसं पांढरं उरलेलं, आणि दुसऱ्या डोळ्यातही नाकाच्या बाजूनं काळं आत सरकत आलेलं. मी ते पाहिलं आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. डॉक्टरीणबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुमच्यातल्या धाकट्या कोण?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी तो काळा कागद माझ्याकडे फिरवला.

पुढचं त्या सावकाश सांगत होत्या. याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब डोळ्यामागच्या नसेला मारत जातो, कडेकडेनं. दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून तक्ता वाचता येतो आणि सुईही ओवता येते. ताईच्या डोळ्यांत फक्त मोतीबिंदूची सुरुवात आहे आणि चष्म्याचा नंबर चुकलाय. घरात आणखी कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आमच्या वडिलांचे डोळे गेले पण ते कामानं. बारीक कामानं डोळे असे जात नाहीत, त्या म्हणाल्या. मग मी भांडायला लागले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला कुठे काळं दिसतं? काळा डाग नाही, पडदा नाही, सगळं तर जागच्या जागी दिसतंय.

"काळं दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "जिथलं दिसत नाही तिथलं मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. कडेला भिंत असली की भिंत दाखवतो. रस्ता असला की रिकामा रस्ता."

म्हणजे रफू. कडेचे धागे ओढायचे आणि भोक असं बुजवायचं की मालकालाही कळू नये. जन्मभर आम्ही दुसरं केलंय काय? माझ्या डोक्यात कुणीतरी बसून माझ्यापेक्षा चोख काम करत होतं. त्या भोकात स्टूल होतं, मास्तरीणबाई होती, तापलेली इस्त्री होती आणि मालाची आख्खी गाडी होती.

गेलेलं परत येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. उरलेलं राखता येईल, रोज ठरल्या वेळी थेंब घातले तर, एक दिवसही न चुकवता. एक-दोन वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं, हे त्या सहज बोलून गेल्या. आणि हे रक्तातून येतं, मुलं असतील त्यांनाही तपासून घ्या, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेरच्या बाकावर मी ताईला माझ्या उजवीकडे बसवलं. मला तिचं तोंड बघायचं होतं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन वर्षांपूर्वी तू चौकटीला खांदा आपटलास आणि चौकटीलाच शिवी दिलीस, तेव्हापासून," ताई म्हणाली. "अप्पा तशीच द्यायचे."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू? अप्पांचं कुणाला काही करता आलं? मला वाटलं, तुला कळत नाही तेवढे दिवस तरी सुखाचे. तुला काही सांगायला गेलं की तू घर डोक्यावर घेतेस. आणि तू सुई ओवत होतीस गं, ठिणगे. मी रोज बघायची. म्हणायची, ओवतेय ना, म्हणजे अजून वेळ आहे."

मला तिचा असा राग आला की तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं. दोन वर्षं हिनं माझी स्टुलं हलवली, माझ्या हातात कप दिले, माझ्या आंधळ्या बाजूला भिंत होऊन चालली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. आणि त्याच क्षणी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडावंसंही वाटलं, कारण माझ्यावर इतका जीव दुसऱ्या कुणी लावलाच नव्हता. मी दोन्हीतलं काही केलं नाही. थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली आणि उठले.

परत येताना तोच चौक लागला. मी डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता, अगदी स्वच्छ, ऊन पडलेला, एक चिटपाखरू नाही. मी तिथेच उभी राहिले. आता मला त्या रिकाम्या रस्त्याची इतकी भीती वाटली की पाय उचलेना. ताई, कुठे आहेस, मी विचारलं. इथेच आहे, डावीकडून आवाज आला.

घरी पोचल्यावर हातपायही न धुता मी मुलीला फोन लावला. ती शिवणकामात आमच्यासारखीच, नोकरी करत करत घरी भरतकाम करते. मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आजोबांना काचबिंदू होता असं निघालंय, आत्ताच्या आत्ता डोळे तपासून घे. ती हसायला लागली. म्हणाली, आई, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? चष्म्याशिवाय सुई ओवते मी, एका फटक्यात.

हे तिला आम्हीच शिकवलं होतं. लहानपणी मांडीवर घेऊन.

ताई समोर उभी होती, हातात थेंबांची बाटली, झाकण अर्धवट उघडलेलं. तिलाही फोनमधलं ऐकू आलं असणार. मी विचारलं, "तुझ्या त्या नव्या घरात दाराची चौकट लागते का गं तुला? खांद्याला?"



"लागते ना कधीकधी," ती म्हणाली. "इथल्या चौकटीच मेल्या अरुंद आहेत."

ताईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माझी बहीण भिंती हादरतील अशी ओरडली की चौकटी अरुंद नसतात, कळलं का, सुई ठेव खाली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं इकडे ये.